उलट टपाली

जुहूच्या त्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत.
एसी यंत्रासाठी होता. माणसांना त्यातला उरलासुरला गारवा,
म्हणून रात्रपाळीला मी स्वेटर न्यायचे, मे महिन्यातसुद्धा,
आणि बसचा कंडक्टर तिकिटाआधी स्वेटरकडे बघायचा.

दीड वाजता लाइन जरा मोकळी व्हायची.
मोडेम आधी शिट्टी मारी, मग खरखरे,
शाळा सुरू होण्याआधी घसा साफ करणाऱ्या हेडमास्तरासारखा.
ॲमस्टरडॅमने ओ दिली की दिवसभराची पत्रं
एका दमात सोडायची.
दम मध्येच तुटायचा.
मग पुन्हा पहिल्या पत्रापासून.

पत्ता म्हणजे तेव्हा घर नव्हतं, वाट होती.
आमचं यंत्र, उद्गारचिन्ह, त्यांचं यंत्र, उद्गारचिन्ह,
त्यांच्या ओळखीतलं यंत्र, उद्गारचिन्ह, माणूस.
गिरगावात सांगतात ना,
कांदेवाडीच्या नाक्यावर या, गिरणीवाल्याला विचारा,
पुढचं तो सांगेल.
एका जाळ्यातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये टक्क्याची खूण.
आमचे कर्णिक म्हणत, दलाल आला की टक्का आलाच.
वाटेत अक्षरंही बदलायची :
इथून निघालेला कंस तिथे उद्गार होऊन पोचे
आणि लोकांना वाटे, मुंबईवाले रागावलेत.

रेहाना मुकादम कुलाब्याहून दोन बस बदलून यायची,
पर्समध्ये फ्लॉपी, रुमालात गुंडाळलेली.
पत्राच्या विषयात लिहिलेलं : मॅट्रिक्सचे गुणधर्म.
आत रोमन अक्षरांत मराठी :
अब्बांचं ऑपरेशन झालं. चमच्याने पाणी पाजलं.
परीक्षा टाकून येऊ नकोस.
खाजगी पत्रांना मनाई होती.
मी फक्त विषय वाचला, असं मी ठरवलं.

भाऊ एडिंबरोत. आणि ब्रिटनचं जाळं
पत्ता उलटा लिहायचं : आधी देश, मग विद्यापीठ,
सगळ्यात शेवटी दार.
दारावरची दोन अक्षरं, सी आणि एस.
त्यांच्याकडे तो कॉम्प्युटरचा विभाग,
बाकीच्या जगात चेकोस्लोव्हाकिया.
मधलं कुठलं तरी यंत्र जास्तच शहाणं निघालं.

नऊ दिवस रेहाना येऊन गेली.
यंत्र नाही म्हणालं असतं तरी चाललं असतं.
ते काहीच म्हणत नव्हतं.

दहाव्या रात्री पोस्टमास्तरच्या पेटीत चिठ्ठी पडली.
पोस्टमास्तर म्हणजे मीच, ग्रेटा डाबरे, राहणार वसई.
ब्रातिस्लाव्हाहून कुणी मिलोश,
इंग्रजी माझ्याइतकंच, बेताचं :
मॅट्रिक्स मला सापडली नाही. भाषाही कळली नाही.
एक शब्द तेवढा आमच्यातला वाटला, ऑपरेशन.
म्हणून पत्ता उलटा करून पुढे पाठवलं.
इथे बर्फ आहे. आजारी माणूस बरा आहे ना?

उलट टपाली उत्तर द्यायला बसले.
बरा आहे, असं टाइप केलं. खोडलं.
रेहाना तीन दिवस फिरकली नव्हती.
शेवटी लिहिलं : माहीत नाही, विचारून कळवते.
लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा गेलं.

रेहाना आली ती पंधरवड्याने, खजुराचा डबा घेऊन.
भावाचं उत्तर आलं होतं, तिने ते उभ्यानेच वाचलं.
मी त्याच रात्री मिलोशला कळवलं.
चिठ्ठी परत आली : यजमान अनोळखी.
मी वाट बदलून पाहिली, व्हिएन्नावरून, हेलसिंकीवरून.
यजमान अनोळखी.

पुढे त्या देशाची वाटणी झाली,
सी आणि एस जगाच्या यादीतून गेले.
आता पत्ता सरळ असतो, पोचतं लगेच,
मधल्या कुणाला काही विचारावं लागत नाही.

अब्बा बरे झाले, मिलोश.
आणखी सहा वर्षं होते.
सुपारी मात्र सोडली नाही.